तळ्याचे पाणी आणि तळ्याची विद्या



दहावी-बारावीचे निकाल लागले म्हणजे आपल्या वस्त्यांतून मुलामुलींच्या पुढील शिक्षणाविषयी जी बोलणी सुरू होतात, ती बहुधा चार-दोन नावांभोवतीच फिरत राहतात. डॉक्टर, इंजिनिअर, स्पर्धा परीक्षा, आणि यांपैकी काहीच न जमल्यास मिळेल त्या महाविद्यालयातील मिळेल ती पदवी. या बोलण्यांत मत्स्यशास्त्र हा शब्द मी क्वचितच ऐकला आहे. नुकतीच धम्मदीक्षा घेतलेल्या कुटुंबांपुढे हा विषय मांडण्याचे मी योजले आहे. धर्मांतर आणि हक्क यांना वाहिलेल्या पाक्षिकात माशांची चर्चा कशाला, असा प्रश्न कोणी करील. त्याचे उत्तर महाडच्या चवदार तळ्यापासून द्यावे लागते.

४ ऑगस्ट १९२३ रोजी रावबहादूर बोले यांचा सार्वजनिक पाणवठे खुले करण्याविषयीचा ठराव मुंबईच्या कायदेमंडळात संमत झाला. महाडच्या नगरपालिकेनेही १९२४ साली तसा ठराव केला. कागदावर तळे खुले झाले. प्रत्यक्षात त्या पाण्यास हात लावण्यासाठी २० मार्च १९२७ चा दिवस उजाडावा लागला. त्यानंतर तळे 'शुद्ध' करून घेण्यात आले, आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात परमपूज्य बाबासाहेबांविरुद्ध दिवाणी दावा दाखल झाला. तळे खाजगी आहे आणि अस्पृश्यांस मज्जाव करण्याची वहिवाट अनादी काळापासून चालत आलेली आहे, असे फिर्यादींचे म्हणणे होते. ती वहिवाट सिद्ध झालेली नाही, असा निकाल मुंबई हायकोर्टाने १७ मार्च १९३७ रोजी दिला. ओंजळभर पाण्यासाठी आपल्या लोकांना जवळजवळ दहा वर्षे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवाव्या लागल्या. संविधानाच्या १५ व्या अनुच्छेदात दुकाने व उपाहारगृहे यांच्या बरोबरीने विहिरी, तलाव आणि स्नानाचे घाट यांचा नामनिर्देश झाला आहे. वकिलीचा अभ्यास करणारी आपली मुले तो अनुच्छेद पाठ करतात. त्यातील 'तलाव' या शब्दामागे किती तारखा पडल्या आहेत हे त्यांना कोणी सांगत नाही.

तलावाचे पाणी पिण्याचा हक्क मिळाला. परंतु तलावापासून जी उपजीविका होते ती, आणि त्या उपजीविकेचे जे शास्त्र आहे ते, यांत आपला भाग किती? बाबासाहेबांनी १९४२ ते १९४६ या काळात व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री म्हणून दामोदर खोऱ्याच्या योजनेस चालना दिली. जलमार्ग, सिंचन व नौकानयन यांसाठी केंद्रीय आयोग १९४५ साली उभा राहिला, त्यातही त्यांचा हात होता. पाणी हा देशाच्या संपत्तीचा प्रश्न आहे, या दृष्टीने ते त्याकडे पाहत होते. आपण मात्र त्यांचा चवदार तळ्यावरील पुतळा पाहतो आणि पाण्याच्या शास्त्राकडे पाठ फिरवितो.

प्रथम या व्यवसायाचा आवाका ध्यानात घ्यावा. मत्स्यसंवर्धनात भारताचा क्रमांक जगात दुसरा आहे. २०२२-२३ साली देशाचे एकूण मत्स्योत्पादन १७५ लाख टनांवर गेले आणि त्यातील सुमारे तीन चतुर्थांश मासळी समुद्रातील नव्हती; ती तळी, तलाव, जलाशय आणि नद्या यांतील होती. मासेमारी म्हणजे कोकणचा किनारा आणि कोळी बांधवांची होडी, असे जे चित्र आपल्या मनात असते, ते आता अपुरे झाले आहे. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर व गडचिरोली या जिल्ह्यांत माजी मालगुजारी तलाव, ज्यांना लोक मामा तलाव म्हणतात, सहा हजारांवर आहेत. मालगुजारी गेली आणि तलाव सरकारजमा झाले. त्यानंतर कित्येक गाळाने भरले, कित्येकांत बेशरमाची झुडपे माजली. याच जिल्ह्यांत बौद्ध वस्ती दाट आहे. वस्तीपासून हाकेच्या अंतरावर तलाव आणि त्या तलावाचे पाणी तपासू शकेल असा एकही पदवीधर गावात नाही, ही स्थिती मला मान्य होण्यासारखी वाटत नाही.

येथे एक गोष्ट आरंभीच स्पष्ट केली पाहिजे. त्या तलावांवर ढिवर समाजाची उपजीविका पिढ्यान्पिढ्या अवलंबून आहे. तलाव त्यांच्या सहकारी संस्थांना ठेक्याने दिले जातात, आणि ठेक्याची रक्कम, गाळ व पाण्याची टंचाई यांनी ते लोकही मेटाकुटीस आलेले आहेत. त्यांच्या ताटातील घास आपण ओढावा असे सांगण्यासाठी मी लिहीत नाही. ज्यांना पाणवठ्यावरून हाकलले गेले त्यांनी दुसऱ्या गरिबास पाणवठ्यावरून हाकलावे, याहून अधिक लाजिरवाणी गोष्ट कोणती? गोंदिया जिल्ह्यातील अर्जुनी मोरगाव तालुक्यात ढिवर स्त्रियांनी तलावांतील बेशरम उपटून देशी पाणवनस्पती लावल्या आणि मासळी पुन्हा वाढविली. त्यांच्यापाशी जे ज्ञान आहे ते कोणत्याही महाविद्यालयात मिळत नाही. आपला विद्यार्थी पदवी घेऊन येईल तेव्हा त्याने त्यांच्या बांधावर शिष्य म्हणून बसावे, आणि प्रयोगशाळेत जे शिकला ते त्यांच्या संस्थेस द्यावे. त्याचे स्वतःचे उत्पादन मात्र स्वतःच्या वा भाड्याच्या शेततळ्यात, बोडीत किंवा रोपवाटिकेत व्हावे.

मत्स्यसंवर्धनाआधी हल्ली 'शाश्वत' हे विशेषण लावण्याची प्रथा पडली आहे. या शब्दाचा अर्थ आपल्यापुरता काय, हे समजून घेण्यासाठी कायद्याच्या विद्यार्थ्याने सर्वोच्च न्यायालयाचा ११ डिसेंबर १९९६ चा एस. जगन्नाथ विरुद्ध भारत सरकार हा निकाल अवश्य वाचावा, आणि मत्स्यशास्त्राच्या विद्यार्थ्याने तर तो उशाशी ठेवावा. १९९० नंतरच्या काही वर्षांत तमिळनाडूच्या नागपट्टिनम भागात आणि आंध्रच्या किनाऱ्यावर कोळंबीचे तलाव भराभर उभे राहिले. परकीय चलन मिळणार म्हणून भांडवलदार आले, भातशेतीच्या जमिनी घेतल्या गेल्या, समुद्राचे खारे पाणी पंपाने आत आणून साठविले गेले. ते पाणी जमिनीत मुरले आणि शेजारच्या विहिरी खाऱ्या झाल्या. भातशेतीत ज्यांना मजुरी मिळत होती त्यांची मजुरी गेली, कारण कोळंबीच्या तलावास राखणदार पुरतात, लावणी-कापणीचे हात लागत नाहीत. ते मजूर कोण होते? बहुतांशी दलित भूमिहीन. त्यांच्या बाजूने सर्वोदयी कार्यकर्ते जगन्नाथन न्यायालयात गेले. त्यांच्या पत्नी कृष्णम्माल, ज्यांचा स्वतःचा जन्म दलित भूमिहीन कुटुंबातील, त्या बायकांना घेऊन तलावांवर सत्याग्रहास बसल्या. न्यायालयाने आपल्या नागपूरच्या 'नीरी' या संस्थेच्या पाहणीचा आधार घेतला. किनारा नियमन क्षेत्रातील कोळंबीचे कारखानदारी तलाव काढून टाकावेत, प्रदूषण करणाऱ्याने नुकसानभरपाई द्यावी, आणि या व्यवसायावर देखरेखीसाठी प्राधिकरण स्थापन व्हावे, असा आदेश दिला. पुढे या आदेशाची अंमलबजावणी फेरविचाराच्या अर्जांत अडकली. अखेरीस संसदेने २००५ साली किनारी मत्स्यसंवर्धन प्राधिकरणाचा कायदा केला. तो कायदा १९९६ च्या निकालाइतका कडक आहे असे मी म्हणणार नाही.

दरम्यान निसर्गानेही आपला निकाल दिला होता. १९९४-९५ साली पांढऱ्या ठिपक्यांच्या रोगाने त्या किनाऱ्यावरील कोळंबी तलावच्या तलाव मेली. ज्यांनी कर्ज काढून गुंतवणूक केली होती ते बुडाले; मोठे भांडवलदार दुसरीकडे गेले; खारावलेली जमीन आणि खाऱ्या विहिरी गावाच्या वाट्यास आल्या. शाश्वत मत्स्यसंवर्धन म्हणजे शेजाऱ्याची विहीर खारी न करता, मजुराची मजुरी न हिरावता आणि पुढील साली तेच तळे वापरता येईल अशा रीतीने केलेले मत्स्यसंवर्धन. ही व्याख्या माझी आहे. पुस्तकांतील व्याख्या याहून लांब आहेत.

आता या शास्त्रात शिकावयाचे काय असते? मासे सोडले आणि जाळे टाकले, यात चार वर्षांची पदवी कशाची, असे पालक विचारतात. तळ्याच्या पाण्याचे थर असतात. कटला वरच्या थरात चरतो, रोहू मधल्या थरात, मृगळ तळाशी. त्यांच्या जोडीस चंदेरी कार्प, गवत खाणारा गवत्या आणि तळाचा सायप्रिनस असे परदेशी मासे योग्य प्रमाणात सोडले तर एकाच तळ्यातील सर्व खाद्य उपयोगात येते आणि कोणी कोणाच्या घासावर तुटून पडत नाही. यास मिश्र मत्स्यशेती म्हणतात. प्रमाण चुकले की सर्वच मासे खुरटतात. कटला, रोहू व मृगळ हे वाहत्या नदीत अंडी घालणारे मासे. साठलेल्या तळ्यात ते प्रजनन करीत नाहीत. यामुळे पूर्वी बीज नदीतून गोळा करावे लागे आणि त्यात नको त्या माशांची भेसळ येई. १० जुलै १९५७ रोजी ओडिशातील अंगुल येथे हिरालाल चौधरी यांनी माशाच्या पीयूष ग्रंथीचा अर्क टोचून तळ्यातील माशांकडून अंडी मिळविली, आणि भारतीय मत्स्यशेतीचा पाया बदलला. नागपूरच्या दीक्षा समारंभास तेव्हा नऊ महिनेही पूर्ण झाले नव्हते. त्या प्रयोगावर आज लाखो कुटुंबांचा उदरनिर्वाह चालला आहे. एका संशोधकाच्या चिकाटीतून काय उभे राहते याचे हे उदाहरण मुलांना सांगण्यासारखे आहे.

आणखी एक गोष्ट. तळ्यातील मासे रात्री का मरतात? दिवसा पाण्यातील सूक्ष्म वनस्पती सूर्यप्रकाशात प्राणवायू सोडतात. रात्री त्या स्वतःच तो घेऊ लागतात. पहाटे, सूर्य उगवण्यापूर्वी, पाण्यातील प्राणवायू सर्वांत कमी असतो. शेण वा खाद्य अधिक टाकले, दोन दिवस आभाळ भरून राहिले, की पहाटे मासे पाण्याच्या पृष्ठभागावर तोंड काढून धापा टाकू लागतात आणि सकाळी सर्व तळे पांढरे झालेले दिसते. कोणी विष घातले असा संशय शेजाऱ्यावर घेतला जातो, भांडणे पोलीस ठाण्यापर्यंत जातात. वस्तुतः एका लिटरमागे सुमारे पाच मिलिग्रॅम विरघळलेला प्राणवायू टिकविला असता तर मासे जगले असते. तो मोजण्याचे साधन हाताच्या पंजात मावते. चुना किती घालावा, खाद्य किती द्यावे, हेक्टरी बोटुकली किती सोडावी, रोग कोणता, औषध कोणते आणि कोणते औषध वापरण्यास मनाई आहे, हे सर्व मोजमापाचे काम आहे. थाई मागूर या मांसभक्षक माशाच्या संवर्धनावर केंद्र सरकारने २००० साली बंदी घातली, तरी काही ठिकाणी तो चोरून पाळला जातो आणि कत्तलखान्याची घाण खाऊ घालून वाढविला जातो. लवकर पैसा देणाऱ्या अशा धंद्यात आपले तरुण ओढले जाऊ नयेत, यासाठीही शास्त्र शिकले पाहिजे.

या शिक्षणाची दारे कोठे आहेत? कोकणात रत्नागिरीजवळ शिरगाव येथे, विदर्भात नागपूर येथे आणि मराठवाड्यात उदगीर येथे शासकीय विद्यापीठांची मत्स्यविज्ञान महाविद्यालये आहेत. पदवी चार वर्षांची. त्यासाठी बारावीस विज्ञान शाखा हवी आणि तीत जीवशास्त्र हवे. मुलाने अकरावीतच जीवशास्त्र सोडले तर हे दार बंद होते. यास्तव हा विचार बारावीच्या निकालानंतर करून चालत नाही, दहावीनंतरच करावा लागतो. उच्च शिक्षणासाठी मुंबईत वर्सोवा येथे १९६१ साली स्थापन झालेली केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था आहे. तिला १९८९ साली अभिमत विद्यापीठाचा दर्जा मिळाला. या पदवीनंतर राज्याच्या मत्स्यव्यवसाय खात्यातील अधिकारीपदे, बँकांतील कृषी अधिकाऱ्यांची पदे, कृषी विज्ञान केंद्रे, संशोधन संस्था, बीज केंद्रे, खाद्याचे कारखाने अशा वाटा खुल्या होतात. नोकरी नको असेल त्यास स्वतःचे बीज केंद्र काढता येते. ज्या कुटुंबात तीन पिढ्या कोणी मालक झालेले नाही, त्या कुटुंबातील मुलाने 'माझ्या तळ्याचे बीज' असे म्हणावे, याची किंमत पैशात करता येणार नाही.

मुलींविषयी वेगळे वाक्य लिहावे लागते, याचा खेद वाटतो. बीज केंद्रातील आणि प्रयोगशाळेतील काम मुली उत्तम रीतीने करतात, आणि सरकारी योजनांत स्त्रियांना अनुसूचित जातींइतकेच वाढीव अनुदान ठेवलेले आढळते. तरीही 'मुलीला गुडघाभर चिखलात कशाला उभे करायचे' असे म्हणणारे बाप बौद्ध घरांतही भेटतात. याच मुलींच्या आज्यांनी भाताच्या चिखलात दुसऱ्याच्या शेतावर जन्म काढला, तेव्हा चिखलास कोणी हरकत घेतली नव्हती.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप प्रतिष्ठेचा. 'हलकी कामे सोडा असे बाबासाहेबांनी सांगितले. मग मुलाने मासे पाळायचे?' बाबासाहेबांनी महाडास मेलेली ढोरे ओढणे व मृत मांस खाणे सोडण्यास सांगितले, कारण ते काम जन्माने लादलेले होते, त्याचा मोबदला शिळ्या भाकरीत मिळत होता आणि ते नाकारण्याचा अधिकार नव्हता. परीक्षा देऊन स्वीकारलेला, वेतन वा नफा देणारा आणि उद्या सोडून देता येणारा व्यवसाय त्या कोटीत बसत नाही. प्रतिष्ठेचा हा आक्षेप घेणारे गृहस्थ मुलास बारा हजारांवर मालाच्या गोदामात राखणदार म्हणून पाठवितात, हे मी पाहिले आहे.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि तो हसण्यावारी नेणे मला उचित वाटत नाही. पंचशीलात पहिले शील प्राणिहिंसेपासून विरत राहण्याचे आहे. भगवान बुद्धांनी उपासकास वर्ज्य सांगितलेल्या पाच व्यापारांत मांसाचा व्यापार आहे, असा निर्देश अंगुत्तर निकायात सापडतो. नुकतेच त्रिशरण घेतलेल्या आईस आपला मुलगा मासे वाढवून विकणार या कल्पनेने संकोच वाटला, तर तो संकोच तिच्या श्रद्धेचा द्योतक आहे. बाबासाहेबांनी 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात अहिंसेचे विवेचन करताना नियम आणि तत्त्व यांत भेद केला आहे, आणि मारण्याची हौस व मारण्याची गरज या दोहोंना एक मानलेले नाही. माझे मत असे की, गरिबाच्या ताटात स्वस्त व पौष्टिक अन्न पोहोचविणारा, मासळीस अकारण यातना न देणारा आणि पाणी स्वच्छ राखणारा व्यवसाय सम्यक आजीविकेच्या बाहेर काढता येत नाही. परंतु हे मत मी कोणावर लादणार नाही. भिक्खू संघातील काही विद्वान याहून कडक मत देतील आणि त्यास आधारही आहे. ज्याच्या मनास हे पटत नाही त्याच्यासाठी या शास्त्रात इतर पुष्कळ क्षेत्रे आहेत. पाण्याची तपासणी, रोगनिदान, शोभिवंत माशांचे संवर्धन, नष्ट होत चाललेल्या देशी जातींचे रक्षण, शिंगाडा व कमळ यांची लागवड, अध्यापन. निर्णय विद्यार्थ्याने स्वतःच्या बुद्धीने करावा. कालामांना तथागतांनी तेच सांगितले होते.

आता ज्या गोष्टीसाठी पालक मजकडे अधिक येतात तिच्याविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण प्रवेश मिळूनही जागा गमावलेली मुले मी पाहिली आहेत आणि त्यांपैकी बहुतेकांची गुणांची बाजू भक्कम होती; कागदाची बाजू लंगडी होती.

नुकतीच दीक्षा घेतलेल्या मातंग, चर्मकार वा अन्य अनुसूचित जातीच्या कुटुंबांना अशी भीती घातली जाते की, धर्म बदलला म्हणजे मुलाच्या सवलती गेल्या. ही भीती निराधार आहे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशात अनुसूचित जातीची व्यक्ती हिंदू असावी अशी अट होती. १९५६ साली शिखांचा आणि १९९० साली बौद्धांचा त्यात समावेश झाला. अनुसूचित जातीतून बौद्ध झालेल्या व्यक्तीचा अनुसूचित जातीचा दर्जा कायम राहतो. मात्र तो सिद्ध करावा लागतो. अभिमानाने शाळेच्या दाखल्यावर जातीच्या रकान्यात केवळ 'बौद्ध' लिहिले गेलेले असते. पडताळणी समिती मूळ जात विचारते आणि १० ऑगस्ट १९५० पूर्वीचा पुरावा मागते. जी ओळख आपण टाकून दिली तिचाच कागद आजोबांच्या शाळेच्या दप्तरातून शोधून आणावा लागतो, हे मनास बोचते, हे मी जाणतो. तरीही तो कागद आपल्या श्रद्धेचा दाखला नसून आपल्यावर झालेल्या अन्यायाचा दाखला आहे, अशा दृष्टीने त्याकडे पाहावे आणि तो शोधावा. आजोबा-पणजोबांच्या शाळा प्रवेशाची नोंद, कोतवाल बुकातील जन्ममृत्यूची नोंद, वतनाच्या जमिनीचे जुने उतारे, यांपैकी काही ना काही हाती लागते. चुलत्यास वा आत्येस वैधता प्रमाणपत्र मिळाले असेल तर त्याची प्रत वंशावळीसह जोडावी. पडताळणीचा अर्ज अकरावी-बारावीत असतानाच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत द्यावा. केंद्रीय संस्थेत प्रवेश घ्यावयाचा असल्यास केंद्राच्या नमुन्यातील प्रमाणपत्र वेगळे काढावे लागते. राज्याचे चालेल असे कोणी सांगितल्यास त्यावर विसंबू नये.

खर्चासाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे. शासकीय वसतिगृहात जागा न मिळालेल्या अनुसूचित जाती व नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठी स्वाधार योजना आहे. तिची रक्कम विद्यार्थ्याच्या खात्यात जमा होते. पदवीनंतर व्यवसाय काढणाऱ्यास २०२० साली सुरू झालेल्या प्रधानमंत्री मत्स्य संपदा योजनेत अनुसूचित जातींसाठी ६० टक्के, तर इतरांसाठी ४० टक्के अनुदान ठेवलेले होते. अशा योजनांच्या मुदती बदलतात, यास्तव अर्जापूर्वी चालू शासन निर्णय वाचावा. अनुदान बहुधा काम झाल्यावर हाती येते, आधीचा पैसा घरातून वा बँकेतून उभा करावा लागतो, आणि आपली मुले बहुधा येथेच अडखळतात. महाराष्ट्र मंत्रिमंडळाने एप्रिल २०२५ मध्ये मत्स्यव्यवसायास कृषीचा दर्जा देण्याचा निर्णय घेतला आहे; त्याचा लाभ कर्जाच्या वेळी मागावा.

जमिनीविषयी एक सावधगिरीची सूचना. अनेक घरांपाशी १९५८ च्या कनिष्ठ गाव वतने नष्ट करण्याच्या कायद्यानंतर परत मिळालेला वतनी जमिनीचा तुकडा आहे, आणि तो पुष्कळदा नाल्याच्या काठी, म्हणजे शेततळ्यास सोयीचा असा असतो. भूमिहीनांना कर्मवीर दादासाहेब गायकवाड सबळीकरण व स्वाभिमान योजनेतून जमीन मिळू शकते. या जमिनी जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीवाचून हस्तांतरित करता येत नाहीत. 'आम्ही तळे खोदून देतो, तुम्ही फक्त सह्या करा' असे म्हणत कोणी मुद्रांक घेऊन आला, तर त्यास चहा पाजून परत पाठवावे.

आपल्या विहारांच्या समित्यांनीही यात काही करावे. जयंतीच्या मिरवणुकीसाठी जी वर्गणी जमते, तिचा दहावा भाग वेगळा ठेवला तरी दोन विद्यार्थ्यांचे प्रवेशाचे व प्रवासाचे पैसे निघतात. उन्हाळ्यात आठवीपासूनच्या मुलांना जवळच्या मत्स्यबीज केंद्रावर एक दिवस नेऊन आणावे. मत्स्यजिरे म्हणजे काय, बोटुकली म्हणजे काय, हे ज्याने ओंजळीत घेऊन पाहिले त्यास तो विषय पुस्तकात परका वाटत नाही. गावातील जो पहिला मुलगा वा मुलगी ही पदवी घेईल, त्याने वा तिने पुढील दोघांचे अर्ज भरून द्यावेत, एवढी अट सत्कारापूर्वीच घालावी.

शेवटी, संस्थेच्या सभासदत्वाविषयी. एखाद्या गावात मत्स्य सहकारी संस्था सर्वांना खुली असूनही आपल्या पदवीधरास 'जागा नाही' असे तोंडी सांगून परत पाठविले जाण्याचा संभव आहे. महाराष्ट्र सहकारी संस्था अधिनियम १९६० च्या कलम २३ अन्वये, पात्र व्यक्तीस पुरेशा कारणाशिवाय सभासदत्व नाकारता येत नाही, आणि नाकारल्यास निबंधकाकडे अपील करता येते. संस्थेच्या उपविधींत पात्रतेची अट काय आहे ते आधी पाहावे. पारंपरिक मच्छीमारांसाठी राखलेली संस्था असेल तर तेथे आग्रह धरू नये. आपल्या स्वतःच्या तळ्याच्या वा पाण्याच्या उपभोगात कोणी जातीवरून अडथळा आणल्यास १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्याचे कलम ३ लागू पडते. मात्र मासे मेले की लगेच त्या कलमाकडे धावू नये. आधी पाण्याचा नमुना स्वच्छ बाटलीत घेऊन, पंचांसमक्ष सील करून, तारीख-वेळ लिहून तपासणीस द्यावा. पहाटेच्या प्राणवायूचा प्रश्न असेल तर तो प्रयोगशाळा सांगेल, विषाचा असेल तर तेही सांगेल. सभासदत्वाचा अर्ज नेहमी लेखी द्यावा, सोबत शुल्क भरावे आणि पोच घेतल्यावाचून कार्यालयातून उठू नये.